रवाळ क्रीम आणि चरबीचा वास
प्राण्याच्या चरबीपासून घरी केलेलं, त्वचेला लावायचं क्रीम रवाळ झालं आणि चरबीचा वासही जात नाही, या तुमच्या दोन तक्रारींपैकी वासाचं मूळ कढवण्यात आहे. चरबीला चिकटलेले मांसाचे, पडद्याचे तुकडे वास धरून ठेवतात. मूत्रपिंडाभोवतीची चरबी घ्या, बारीक चिरा, पाणी आणि चमचाभर मीठ घालून अगदी मंद आचेवर वितळवा. गाळून गार केलं की वर घट्ट थर जमतो. तो उचलून खालचा गाळ खरवडून टाका. हे दोन-तीनदा करा. शेवटी नुसतीच चरबी मंद आचेवर ठेवा, बुडबुडे थांबले की पाणी संपलं. (घाई करून करपवलीत तर तो वास मात्र कायमचा!)

रवाळपणा सोपा. सावकाश गार होताना स्टिअरिक आम्ल (चरबीतला एक घट्ट घटक) असलेला कठीण भाग आधी गोठतो आणि त्याचे कण होतात. पुन्हा वितळवा, चौथा हिस्सा पातळ तेल घाला, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटत राहा.

कोरफडीचा गर घालायची सूचना आली आहे, ती मला पटत नाही. पाणी आलं की बुरशी आणि जंतू आले. ई जीवनसत्त्व घातलं तरी त्याने खवटपणा लांबणीवर पडतो, जंतू थांबत नाहीत.

आणखी एक, चरबी ओलावा देत नाही, त्वचेत असलेला अडवून ठेवते. म्हणून ओलसर चेहऱ्यावर, अगदी थोडी लावा. मुरुमं येत असतील तर चेहऱ्याला नकोच, टाचांना वापरा.