नाथसागरचा तो व्हिडिओ आजच्या आज काढा

सुनंदाताई (ब-२०१): नमस्कार. कालपासून डाचतंय म्हणून लिहिते. आपल्या सहलीत नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पट्टकदंबांचा (रानहंसांचा, बार-हेडेड गूज) थवा चिखलाच्या कडेला निवांत बसला होता. आपल्याच सोसायटीची पोरं ओरडत धावत गेली, थवा उठवला, व्हिडिओ केला आणि लोकेशनसकट टाकला. तो काढा.

निखिल (अ-३०२): ताई, आम्ही पाच जण होतो. सगळ्यांना माहितेय तुम्ही कुणाला म्हणताय.

देशमुख काका (खजिनदार): बसचे प्रत्येकी ३५० रु. सात जणांचे बाकी.

निखिल: आणि पाखरं उडतातच की. दोन मिनिटांत परत बसली.

सुनंदाताई: नाही बसली. पार पैलतीराला गेली, मी दुर्बिणीतून बघत होते. अरे, मार्च संपत आला. आता हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जायचंय त्यांना. त्यासाठी चरून चरून अंगात चरबी साठवतात. उगाच उठवलं की तीच जळते.

शेख भाई: ताई बरोबर बोलल्या. बाकी धरणाजवळची भजी एक नंबर होती 😋

पवार सर: माझा फ्लेमिंगोचा फोटो कुणी बघितलाच नाही. परत टाकतो.

सुनंदाताई: सर, तो रोहित म्हणजे फ्लेमिंगो नाही, चित्रबलाक आहे, करकोच्यातला. चोच बघा, लांब, पिवळी, टोकाशी जराशी खाली झुकलेली. शेपटीजवळ गुलाबी पिसं असतात म्हणून फसायला होतं. रोहितची चोच गुलाबी, टोक काळं, आणि मधूनच मोडल्यासारखी वाकलेली. तो डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवतो.

पवार सर: मी ३० वर्षं जीवशास्त्र शिकवलंय.

सुनंदाताई: म्हणूनच म्हणते सर, फोटो मोठा करून बघा.

देशमुख काका: बसचे प्रत्येकी ३५० रु. सात जणांचे बाकी. नावं टाकायला लावू नका.

मोरे मामा (क-१०४): पळसावर काल ज्या गोंगाट करायल्या होत्या त्या भोरड्याच ना? गावाकडं ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो आम्ही. हाताला फोड यायचे, पण ह्या लई चिवट.

सुनंदाताई: त्याच मामा, गुलाबी मैना! गुलाबी अंग, डोकं आणि पंख काळे, डोक्यावर तुरा. पळसाचा रस पिताना कपाळाला पिवळे पराग चिकटतात, तसेच पुढच्या फुलावर जातात. आता त्यांचीही मध्य आशियाकडे निघायची वेळ. तिकडे टोळ-नाकतोड्यांवर पिल्लं वाढवतात.

मोरे मामा: टोळ तिकडं अन् ज्वारी आमची! हा हिशेब कुणाकडं मागायचा?

देशमुख काका: हिशेबाचा विषय निघालाच आहे तर ३५० रु.

अध्यक्षा: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता ठेवा. आज पाणी येणार नाही, टँकर सांगितलाय.

सुनंदाताई: मॅडम, आपल्या नळाला पाणी त्याच नाथसागराचं येतं. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिथल्या जिवांना छळायला मनाई आहे. सोसायटीच्या नावाची पाटी लावून आपली बस गेली होती.

निखिल: मागच्या वर्षी घुबडाच्या ढोलीचं लोकेशन ग्रुपवर आलं तेव्हा कायदा कुठं होता? तेव्हा पोरं नव्हती, मोठी माणसं होती.

पवार सर: माझ्याकडे बोट दाखवायची गरज नाही.

सुनंदाताई: तेव्हाही मी बोलले होते निखिल, वर जाऊन बघ. चार दिवसांत ढोलीखाली मोबाइलवाल्यांची जत्रा भरली. जोडी निघून गेली, पुन्हा दिसली नाही. म्हणून एवढा जीव तुटतोय. थवा कुठे बसतो हे जगाला कळलं की तीच गत होणार.

निखिल: लोकेशन काढलं. व्हिडिओ राहू द्या, एडिटला खूप वेळ गेलाय.

सुनंदाताई: व्हिडिओही काढ. तो बघून उद्या दुसरे धावतील.

निखिल: रात्री बघतो.

मोरे मामा: रविवारी परत जाऊ लालोय का आपण? मला तो उलट्या डोक्याचा रोहित बघायचाय.

सुनंदाताई: असतील तर दाखवते. पहाटे साडेपाचला गेटवर या. भडक कपडे नकोत, स्पीकर नको. दुर्बीण एकच आहे, पाळीपाळीनं बघू. निखिल, तूही ये. तुझा कॅमेरा लांबून चांगला टिपतो.