तुमच्या आठवणीतली वाशिष्ठी

सह्याद्रीत उगम पावून दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळणारी वाशिष्ठी प्रत्येक गावात वेगळी असते. तिच्या काठी वाढलेल्यांनी आपापली नदी सांगावी. सुरुवात मी करते.

आमचं घर खेर्डीचं. उन्हाळ्यात आसपासच्या नद्यांचे धोंडे उघडे पडतात, आमची मात्र वाहती. ते पाणी कोयनेचं, म्हणजे एरवी कृष्णेला मिळणारं. पोफळीकडे वीज करून झाली की अवजल म्हणून वाशिष्ठीत उतरतं. आई बजावायची, "वर मशीन सुरू झालं की पाणी चढतं, पात्रात फार आत जाऊ नका."

चिपळूण, बाजारपेठ
२६ जुलै २००५ ला पाणी जिथवर आलं, तिथे बाबांनी दुकानाच्या भिंतीत खिळा ठोकला. पुढे सगळ्या मांडण्या त्या खिळ्याच्या हातभर वर नेल्या. २२ जुलै २०२१ ला पहाटेच पाणी शिरलं. रात्रभर धो धो पाऊस, त्यात भरती, खाडी पाणी ओढून घेईना. बघता बघता खिळा बुडाला, मग मांडण्या. आम्ही माळ्यावर बसून होतो आणि खाली अंधारात फ्रीज तरंगत भिंतींवर आपटत होता. तो आवाज अजून कानात आहे. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल. आमच्या १८६४ सालच्या वाचन मंदिरातली भिजलेली पुस्तकं बघून बाबा पहिल्यांदा रडले. दुकानासाठी रडले नव्हते. नवा खिळा मी ठोकला, शिडी लावून.

गोवळकोट
भरतीचं बरोबर आहे. आमच्याकडे दिवसातून दोनदा नदी उलटी चढते. त्याच भरतीवर गलबतं गोविंदगडाखालच्या धक्क्याला लागायची, आजोबा मिठाची पोती उतरवायचे. आता काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. पात्रातला गाळ उपसायलाच हवा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

खेड
आमची जगबुडीही पुढे वाशिष्ठीलाच मिळते. तिला विसरू नका!

दाभोळ
बहामनी काळातलं हे मोठं बंदर १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी जाळलं. मी रोज फेरीबोटीनं धोपाव्याला शिकवायला जातो. पाणी तांबडं झालं की वरचा पाऊस कळतो. २०२१ च्या पुरानंतर धक्क्याजवळ एका दुकानाची पाटी वाहत आली. अक्षरं गेलीत, निळा रंग शिल्लक आहे. जपून ठेवली आहे. बाजारपेठेतल्या कुणाची असेल तर कळवा, आणून देतो.