बाबांच्या डब्यातली नाणी: खर्च करू की ठेवू?

माडाखाली, देवगड

नमस्कार मंडळी. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. रात्री हिशोब भरायच्या आधी बॅगेतली चिल्लर चाळायचे आणि वेगळ्या चित्राचं नाणं दिसलं की स्वतःच्या खिशातले तेवढे पैसे घालून ते काढून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आता माळा झाडताना त्यांचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला, एका हाताने उचलेना इतका जड. शिवाजी महाराजांचं 1999 चं दोनाचं नाणं, ते अकरा कोनांचं, त्याच साली आलेलं ज्ञानेश्वर माउलींचं एक रुपयाचं, रेल्वेच्या 150 वर्षांचं कंदीलवाल्या हत्तीचं, टिळकांचं पाचाचं, आणि दहाची तर ढिगाने, त्यात वैष्णोदेवीचीच तीसेक.

आई म्हणते पैसा आहे तो, चालवा, डब्यात कुजवू नका. भाऊ म्हणतो थांब, मोबाईलवर वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात असं दाखवतायत. मी आठवडाभर थोडी थोडी खर्च करून बघितली. बाजारात मासेवाल्या मावशीला बांगड्याचे पैसे देताना दहाची पाच नाणी दिली तर तिने एक उलटसुलट केलं आणि म्हणाली, "ह्यां नाणां खयचां? माका नको, दुसरां दी." उलट एसटीत एका तरुण कंडक्टरने हत्तीवालं बघितलं, हसला आणि वरच्या खिशात वेगळं ठेवलं. मला तेव्हा एकदम बाबाच दिसले. तर सांगा, हे खर्च करणं चूक आहे का? आणि लोक घेत नाहीत त्याचं काय करायचं?

जुनी_नाणी, मालवण

आधी भावाला आवरा दादा. ते लाखोवाले सगळे फसवे आहेत, आधी रजिस्ट्रेशनचे म्हणून हजार-दोन हजार मागतात, मग टॅक्स, मग कमिशन, आणि नाणं तुमच्याकडेच राहतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही आणि आमच्या नावाने कोणी फी मागितली तर देऊ नका. वैष्णोदेवीचं 2012 चं नाणं भरपूर निघालेलं आहे, हातोहात फिरून झिजलेलं असेल तर ते दहा रुपयेच.

पण सरसकट खर्चूही नका. एका दुपारी ओटीवर चादर पसरून बसा आणि निवडा. ज्याची कड तीक्ष्ण आहे, चकाकी आहे, ओरखडे नाहीत असं प्रत्येक चित्राचं एकेक ठेवा. सालाच्या खालची खूण बघा, चौकट किंवा हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी हैदराबादची, गोल टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता. शिवाजी महाराजांचं आणि हत्तीवालं चांगल्या अवस्थेतलं असेल तर मोडू नका, आमच्यासारखा नाणी जमवणारा कोणीही दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्त आनंदाने देईल.

आणि हात जोडून सांगतो, आमसुलाने घासू नका! आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी घासायची सवय, माझ्या आतेने माझी सतरा-अठरा नाणी अशीच आगळात टाकून लख्ख केली, प्रेमाने केलं तिने, पण वरचा मूळचा रंग गेला तो गेलाच. खारी हवा आहे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, बस.

वाणसामान, गुहागर

मी दुकानदार आहे, माझ्याकडे आणा सगळी, सुट्ट्यासाठी रोज मरतो आम्ही. युपीआय आलं तरी म्हातारी माणसं रोख घेऊनच येतात आणि तीन रुपये परत द्यायला गोळ्या द्यायच्या हे मला पटत नाही.

न घेण्याचं कारण म्हणजे अफवा. दहाच्या नाण्यावर दहा रेघा असतील तर खरं, पंधरा असतील तर खोटं असं काहीतरी मध्ये पसरलं होतं. 2011 मध्ये नाण्यांवर रुपयाचं चिन्ह आलं तेव्हा डिझाइन बदललं, एवढंच. 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहाची चौदा डिझाइन आहेत आणि सगळी चालतात. मी त्या मावशींसारख्या लोकांना रिझर्व्ह बँकेचा 14440 हा नंबर लावून देतो, रेकॉर्डिंग ऐकलं की मान हलवतात. रागावू नका त्यांच्यावर, दिवसभर पाटीवर बसून कमावलेले दहा रुपये बुडाले तर त्यांनी काय करायचं.

कायद्याने एक रुपया आणि वरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत चालतात, पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत. पावली आणि त्याखालचं जून 2011 अखेर बंद झालं, ते निघालं तर आठवण म्हणून ठेवा. बँकेने नाही म्हटलं तर शांतपणे सांगा, नाणी नाकारू नका असा त्यांना आदेश आहे, फक्त शंभर-शंभरच्या पिशव्या बांधून न्या म्हणजे त्यांचंही काम सोपं.

टिळकआळी, रत्नागिरी

मला तुमच्या आईंचं पटलं. पण सुट्टे म्हणून दुकानात संपवण्यापेक्षा दुसरा रस्ता आहे की. आहेराच्या पाकिटावर रुपया लागतोच, माउलींची नाणी तिथे वापरा. गौरीच्या ओटीत ठेवा. मी टिळकांचं पाचाचं भाचरांना देते आणि इथलं जन्मघर दाखवायला नेते, 2007 चं नाणं कशासाठी निघालं ते तिथेच सांगते, 150 वी जयंती. लहान पोरं नाणं मुठीत धरून फिरतात बघा, खर्चच करत नाहीत. बाबासाहेबांचं 2015 चं दहाचं असेल तर शोधा हो, त्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातलं, माझ्याकडे अजून नाहीये.

माडाखाली, देवगड

सगळ्यांचे आभार. काल रात्री आई, मी आणि भाऊ तिघे चादर पसरून बसलो, दोन वाजले. प्रत्येक चित्राचं एक असं डब्यात परत ठेवलं. टिळकआळी ताई, बाबासाहेबांची चार निघाली, एक तुमचं. बाकी वाणसामान दादांच्या सल्ल्याने पिशव्या बांधल्यात, सोमवारी बँकेत.

एक मात्र आईने हातातून सोडलं नाही, कॉयर बोर्डाच्या (म्हणजे काथ्याच्या सरकारी मंडळाच्या) 60 वर्षांचं 2013 चं दहाचं, त्यावर माड आहे. लग्न होऊन आली तेव्हा ती सासूबरोबर काथ्या वळायची, हे मला काल पहिल्यांदा कळलं. बाबांनी ते कागदात वेगळं गुंडाळून ठेवलं होतं.