बुडापेस्टच्या नदीकाठचे ते लोखंडी बूट कोणी केलेत?

दादरची_मावशी: माझी भाची जेजेला स्कल्प्चर करतेय, तिने काल फोटो दाखवला, डॅन्यूबच्या काठावर नुसते बूट, लहान पोरांचेही, माणूस एकही नाही. पोटात एकदम कालवलं हो. शिल्पकार कोण, अजून काय केलंय त्याने?

परळकर: द्युला पाउएर (१९४१-२०१२). कल्पना सिनेदिग्दर्शक जान तोगाय यांची, घडवले पाउएरने. २००५ ला बसवले, ६० जोड, सगळे १९४० च्या दशकातल्या फॅशनचे. १९४४-४५ ला अ‍ॅरो क्रॉसवाले, म्हणजे हंगेरीतले नाझीधार्जिणे, ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घालायचे आणि त्याआधी बूट काढायला लावायचे, कारण युद्धात बुटांना किंमत होती, माणसाला नव्हती. मढी नदीत वाहून जायची.

जुना_पडदा: फक्त बूट नाही हां! १९७० ला त्याने 'स्यूडो' जाहीरनामा काढला, म्हणजे सपाट पृष्ठभागावर रंग असा फवारायचा की बघणाऱ्याला तो चुरगळलेला वाटावा आणि हात लावला की गुळगुळीत. आपल्या नाटकांचे रंगवलेले पडदे आठवा, तसंच काहीसं. नाटकाचे सेटही करायचा तो, मला तर हेच काम जास्त आवडतं.

दादरची_मावशी: अय्या, हे माहीतच नव्हतं. सिद्धिविनायकाबाहेर चपलांचे ढीग रोज बघते, पण ते घ्यायला माणसं परत येतात ना. भाची आता स्यूडो शोधत बसलीये, जेवायला उठेना.

परळकर: तिला सांगा, तिथे लोक त्या बुटांत फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात, त्याचेही फोटो बघ म्हणावं.