मदत हवी आहे : नाताळच्या झाडासाठी सोनेरी अक्रोड

नमस्कार. आम्ही वसईला राहतो आणि यंदा नाताळच्या झाडाला प्लॅस्टिकच्या गोळ्यांऐवजी अक्रोड टांगावेत, असे घरात ठरले आहे. 19व्या शतकात जर्मनीतील घरांमध्ये सफरचंदांबरोबर सोनेरी मुलामा दिलेले अक्रोड झाडाला लावत असत; ती साधी, श्रीमंत शोभा मला मनापासून आवडते.

अख्खे अक्रोड वापरले, तर आतला गर तेलकट असल्यामुळे आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत तो खवट होईल किंवा त्याला मुंग्या आणि कीड लागेल, अशी मला काळजी वाटते. म्हणून कवच शिवणीवर अलगद उघडून, गर काढून, आतून पुसून व उन्हात वाळवून, दोन्ही अर्धुकांमध्ये दोऱ्याचा फास ठेवून ती पुन्हा चिकटवण्याचा विचार आहे. मात्र सुरीने उघडताना कवच वेडेवाकडे फुटते. ते अखंड उघडण्याची खात्रीची रीत कोणी सांगू शकेल का? चिकटवण्यासाठी लाकडाचा पांढरा डिंक पुरेल का, आणि सोनेरी ॲक्रिलिक रंगाखाली अस्तराचा हात द्यावा लागतो का, हेही कृपया कळवावे.

गोठ्यासाठी अर्ध्या कवचात कापूस घालून बाळ येशूचा चिमुकला पाळणा करायचा आहे. त्यात बसेल एवढी लहान मातीची मूर्ती वसई किंवा मुंबईत कोठे मिळते, हे माहीत असल्यास अवश्य सांगावे. पाहुण्यांमधील एका मुलाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे. रिकामी, रंगवलेली कवचे त्याच्यासाठी सुरक्षित मानावीत, की ती घरात ठेवूच नयेत, याबद्दल जाणकारांचे मत मला सर्वांत आधी हवे आहे.