एमटीटी आणि ७०% ची रेघ : स्कॅफोल्डला लावायचीच कशाला?

कल्चरवाला
आमच्या विद्यार्थिनीच्या कायटोसान स्कॅफोल्डचं (पेशी वाढवायचा सच्छिद्र सांगाडा) एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणारी चाचणी) कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींच्या, ५८% आलं. आयएसओ १०९९३-५ (वैद्यकीय मटेरियल पेशींना घातक आहे का ते तपासायचं मानक) मध्ये ७०% च्या खाली म्हणजे पेशींना घातक असण्याची शक्यता, म्हणून पोर रडवेली. मी डीएमएसओतून (रंग विरघळवणाऱ्या द्रवातून) काढलेला स्कॅफोल्ड ब्लेडने कापला, तर आत गडद जांभळा! फॉर्मझान (जिवंत पेशी एमटीटीपासून बनवतात तो जांभळा रंग) बाहेर आलाच नव्हता, रंग मोजणाऱ्या रीडरला काय दिसणार? १९८३ साली मॉसमनने ही पद्धत आणली ती प्लेटच्या सपाट वेलमधल्या (खळग्यांतल्या) पेशींसाठी. त्यातही ती पेशी मोजत नाही, त्यांची लगबग (चयापचय) मोजते. स्कॅफोल्डसाठी ही रेघ पुसा, डीएनए मोजा, म्हणजे पेशी किती ते कळेल.

नियमावर_बोट
साफ असहमत. त्या मानकातली एमटीटी चाचणी उंदराच्या एल९२९ पेशींवर, मटेरियल द्रवात भिजवून काढलेल्या अर्काने करायची असते. तुम्ही पेशी स्कॅफोल्डमध्ये वाढवल्यात आणि रेघ तिकडची लावलीत. नाचता येईना अंगण वाकडं! उद्या प्रत्येक लॅबने आपापली रेघ आखली तर परवानगी देणाऱ्याने फाइल कशी वाचायची?

कल्चरवाला
अर्काचा मुद्दा मान्य, चूक आमचीच. पण पेपरांमध्ये सर्रास हेच चालतं, रिव्ह्यूअरही ७०% च विचारतात. आणि अर्क पास झाला म्हणजे स्कॅफोल्डच्या पोटात पेशी जगतायत, असं थोडंच?

पिपेट_मावशी
डीएनएचं एवढं कौतुक नको. नुकत्याच मेलेल्या पेशीचा डीएनएही मोजला जातो, आणि जाड स्कॅफोल्डमधून तो पूर्ण बाहेर काढणं हीसुद्धा कसरतच. माझं मत, आधी हात सुधारा. अमेरिकेच्या एनआयएसटीसह (मोजमापांची राष्ट्रीय संस्था) पाच प्रयोगशाळांनी माणसाच्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ए५४९ पेशींवर एकच चाचणी करून पाहिली होती (एमटीएस, म्हणजे एमटीटीची बहीण). पेशी धुताना पिपेट कसं चालवता, इथपर्यंत गोष्टी आकड्यात उतरल्या. ९६ वेलच्या प्लेटवरच ही गत, स्कॅफोल्ड तर लांबच.

नियमावर_बोट
म्हणजे मानक हवंच ना!

पिपेट_मावशी
हवंय हो, पण प्लेटवरच्या कंट्रोलचं. पास-नापासचं नंतर बघू. कल्चरवाला, पेशी न घातलेल्या स्कॅफोल्डमध्ये मोजून फॉर्मझान टाकला तर त्यातला किती परत मिळतो, ते पाहिलंत का?

कल्चरवाला
नाही. उद्याच लावतो. रिकामे स्कॅफोल्ड तीनच उरलेत.