मदत हवी आहे: जनुक सापडते, पण गुणधर्म दिसत नाही, एन्टेरोकोकसचे निकाल कसे मांडावेत?

नमस्कार. आंबवलेल्या दुग्धजन्य पदार्थांतून वेगळ्या केलेल्या एन्टेरोकोकस जिवाणूंची रोगकारकता आणि प्रतिजैविकरोध हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे. प्रयोग जवळजवळ संपले आहेत, मात्र निकालांचे प्रकरण लिहिताना दोन ठिकाणी अडलो आहे.

पहिली अडचण जिलेटिनेजची, म्हणजे जिलेटिन पचवणाऱ्या विकराची. एन्टेरोकोकस फीकॅलिसच्या काही आयसोलेटमध्ये (नमुन्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूंमध्ये) हे विकर बनवणाऱ्या जेल-ई जनुकाचा पट्टा पीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून ते ओळखण्याच्या चाचणीत, अगदी ठळक येतो, पण जिलेटिनच्या प्लेटवर भरघोस वाढ होऊनही, प्लेट थंड केल्यानंतर वसाहतींभोवती जिलेटिन पचल्याची खूण असलेल्या वलयाचा मागमूस नसतो. त्याच प्लेटवरच्या नियंत्रक स्ट्रेनभोवती मात्र ते स्वच्छ दिसते, त्यामुळे माध्यमाला दोष देता येत नाही. हे जनुक एफएसआर या, जिवाणूंची दाटी ओळखणाऱ्या संवेदन-यंत्रणेच्या इशाऱ्यावर चालते, आणि अनेक स्ट्रेनमध्ये त्या भागातला सुमारे २३.९ किलोबेसचा तुकडा गळालेला असतो, पण जेल-ई मागे उरते, एवढे मी वाचले आहे. या यंत्रणेतल्या एफएसआर-सी जनुकाचाही काही भाग शिल्लक राहत असल्याने केवळ त्याच्या प्रायमरवर (पीसीआरमध्ये जनुक शोधणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांवर) भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. मग एफएसआर-ए आणि एफएसआर-बी तपासणे पुरेसे ठरेल का, की गळतीच्या दोन्ही टोकांबाहेरचे प्रायमर वापरून जोड सिद्ध करावा लागेल? वारंवार उपसंवर्धन केल्यामुळे गुणधर्म हरवला असण्याची शक्यताही मनात आहे, म्हणून गोठवलेल्या मूळ साठ्यातून चाचणी पुन्हा लावली आहे.

दुसरी अडचण व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाची आहे, आणि तिचीच मला जास्त काळजी वाटते. दोन आयसोलेटची किमान रोधक मात्रा प्रति मिलिलिटर ८ मायक्रोग्रॅम आली. सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या निकषांनुसार ते ‘मध्यम’ ठरतात, तर युकास्ट या युरोपीय समितीनुसार थेट ‘रोधी’. दोन्ही चल (स्वतः हालचाल करणारे) आहेत, वसाहती फिकट पिवळ्या आहेत, म्हणजे ते एन्टेरोकोकस कॅसेलिफ्लाव्हस असावेत. त्या प्रजातीत व्हॅन-सी हे व्हँकोमायसिनरोधाचे जनुक उपजतच गुणसूत्रावर असते. त्यांना ‘व्हँकोमायसिनरोधी एन्टेरोकोकस’ म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर टीएन १५४६ या ट्रान्सपोझॉनवरून (जागा बदलणाऱ्या डीएनए-तुकड्यावरून) एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे व्हॅन-ए जनुक येईल, आणि अन्नसुरक्षेच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. (पहिल्या मसुद्यात मी सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविकांचा उपजत रोधही मोजला होता, त्यामुळे माझे यच्चयावत आयसोलेट ‘बहुऔषधरोधी’ झाले होते. तो तक्ता मुकाट्याने काढून टाकला.)

मार्गदर्शकांचे मत असे की, तक्त्यात ‘रोधी’ लिहावे आणि खुलासा तळटीपेत द्यावा. मला उपजत आणि संपादित (बाहेरून मिळवलेल्या) रोधाचे रकानेच वेगळे करावेसे वाटतात. संपूर्ण जनुकीय क्रमनिर्धारण दोन-तीन आयसोलेटपुरतेच शक्य आहे. आपण माझ्या जागी असता, तर जेल-ईवाले निवडले असते की हे पिवळे दोन?